ओहोटीचं वेळापत्रक

टर्नर्स नेक, मेन
२८ ऑगस्ट

आई,

तुझं खोकं पोचलं. पोस्टवाल्याने ते पायरीवर ठेवलं तेव्हा ओटिसला वाटलं, आत कुत्र्याचं पिल्लू असणार. उघडलं तर सरावपुस्तिका. तिसरीच्या, दुसरीच्या, आणि खाली दडवलेल्या पहिलीच्यासुद्धा. पहिलीच्या कोणासाठी गं? ओटिस पाच वर्षांचा आहे, त्याच्यासाठी असतील, असं मी मेरिनला सांगितलं. पण ती आठ वर्षांची आहे आणि तिला डोळे आहेत. त्या पुस्तिकांवर तुझ्या हातचं 'मेरिन' लिहिलेलं तिने बघितलं. स्वतःचं नाव तिला ओळखता येतं, बरं का.

जूनमध्ये मी तुला कळवलं की मेरिनला शाळेतून काढतेय, ओटिसला घालणारच नाही, दोघांना घरी शिकवणार. त्याचं हे उत्तर! एक ओळ नाही, चिठ्ठी नाही, नुसते धडे. तू निवृत्त झालीस, पण तुझ्यातली मुख्याध्यापिका काही निवृत्त व्हायला तयार नाही.

गेल्या थँक्सगिव्हिंगचा विषय मी काढणार नव्हते. पण मिनर्व्हा मावशी म्हणाली, तू सगळ्यांना सांगतेस की डेलिया उगाच रुसून निघून गेली. तर उगाच नाही. टर्कीच्या आधी सगळ्यांनी आपापल्या आभाराच्या चिठ्ठ्या भांड्यात टाकल्या आणि तू भांडं नेमकं मेरिनपुढे धरलंस. "चल, मोठ्याने वाच." तुला माहीत होतं तिला वाचता येत नाही. मी फोनवर सांगितलं होतं, रडत सांगितलं होतं. ती चिठ्ठी हातात धरून उभी राहिली, कान लालभडक, आणि तू मावशीकडे वळून म्हणालीस, "इतकी वर्षं शाळा चालवली मी. मंद मूल मला पहिल्या दिवशी कळतं." पोर टेबलाखाली शिरली. मी दोघांना कोट चढवले आणि निघाले. पाई कापलीसुद्धा नव्हती.

आता माझी योजना ऐक. तू विचारलं नाहीस, तरी ऐक. यंदा भूगोल आणि निसर्ग हीच आमची मोठी पुस्तकं. शरद ऋतूत आमची खाडी आणि समोरचं शेळ्यांचं बेट. ओहोटीला मधला दगडगोट्यांचा दांडा उघडा पडतो, त्यावरून चालत जाता येतं. हिवाळ्यात पक्षी, बर्फातले माग आणि भिंतीएवढा नकाशा. वसंतात डबक्यांतले जीव. गणित रोज, वाचन रोज. प्रत्येकाची एक निसर्गवही. तू मला खुर्चीवर उभं करून पन्नास राज्यांच्या राजधान्या म्हणायला लावायचीस. मला अजून पाठ आहेत. पण नदी समुद्राला मिळते ती जागा मी लग्न करून इथे येईपर्यंत बघितलेली नव्हती.

तुझ्या जावयाची, एझ्राची, एक अट आहे. वर्षभर करून बघ, म्हणाला. इथला नियम असा की वर्षाच्या शेवटी परवानाधारक शिक्षक येऊन मुलांचं काम बघतात आणि सही करतात. सही मिळाली तर पुढचं वर्ष माझं. नाही मिळाली तर सप्टेंबरात मेरिन पिवळ्या बसने परत त्याच वर्गात, त्याच मागच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी. तिथे काय होतं ते तुला मी नको सांगायला. प्रत्येक शाळेत तसं एक टेबल असतं, तुझ्याही होतं.

तेव्हा सही मी मिळवणारच. तुझ्या पुस्तिकांची पाठची बाजू कोरी आहे, पानं-फुलं दाबायला छान. आभार.

तुझीच, नाइलाज आहे,
डेलिया


२५ सप्टेंबर

आई,

हसायचं असेल तर हसून घे, कारण हे तुला मावशीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

शाळा सुरू होते त्या सकाळी इथली घरी शिकणारी सगळी मुलं किनाऱ्यावर जमतात. दरवर्षीची रीत आहे. चुलीवर ब्लूबेरीचे पॅनकेक भाजायचे आणि वरच्या रस्त्याने बस गेली की उलथनी हलवून तिला टाटा करायचा. ओटिसने इतक्या जोरात हात हलवला की त्याचा पॅनकेक वाळूत पडला. मेरिन मात्र बस दिसल्याबरोबर माझ्या मागे येऊन उभी राहिली. बस वळणाआड जाईपर्यंत तिने माझं जाकीट सोडलं नाही.

आणि मी घरी येऊन वेळापत्रक केलं. अगं, काय वेळापत्रक! रंगीत पेन्सिली, पट्टी, चौकटी. 'सोमवार, दहा वाजता: बेट.' फ्रिजवर लावलं आणि एझ्राला दाखवलं. त्याने बघितलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "झकास." बाकी एक शब्द नाही. दुष्ट माणूस!

पहिल्या सोमवारी दहा वाजता दांडा लख्ख उघडा. गेलो, खेकडे बघितले, आलो. दुसऱ्या सोमवारी दहा वाजता आम्ही तिघं वह्या-बिह्या, डबे-बिबे घेऊन उभे, आणि समोर नुसतं पाणी. दांड्याचा पत्ता नाही. ओटिस म्हणाला, "आई, बेटाने शाळा बुडवली." मागून ट्रकमधून एझ्राचं हसणं ऐकू आलं. लॉबस्टरचे पिंजरे उतरवायचे सोडून मुद्दाम थांबला होता.

नऊ वर्षं इथे राहतेय, लॉबस्टर धरणाऱ्याची बायको आहे. ओहोटी रोज जवळपास तासाने पुढे सरकते हे मला माहीत नव्हतं होय? चांगलं माहीत होतं. पण पट्टी हातात घेतली आणि माझ्या डोक्यात तुझी घंटा वाजायला लागली. मक्याच्या शेतांत, घंटेवर वाढलेली बाई मी. समुद्रालासुद्धा सोमवारी दहाला हजर राहा म्हणून सांगितलं!

ते वेळापत्रक फाडलं. आता दारामागे भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलंय आणि रोज नाश्त्याला ते मेरिन बघून सांगते. तिचं काम आहे ते, दुसऱ्या कोणी बघायचं नाही. ती सांगेल तशी आमची शाळा भरते. कधी गणित सकाळी अंथरुणातच, कधी दुपारचं जेवण तीनला. तू म्हणशील, हा काय पोरखेळ. म्हण.

तुझी,
डेलिया


८ डिसेंबर

आई,

एवढ्या महिन्यांनी तुझं कार्ड आलं आणि त्यावर एकच वाक्य. "मेरिन सध्या काय वाचते?"

तू थँक्सगिव्हिंगला बोलावलं नाहीस, आम्ही आलो नसतोच. इथे आम्ही माशांचं सूप केलं आणि चिठ्ठ्या-बिठ्ठ्या काही केल्या नाहीत.

तुला सांगण्यासारखं खूप आहे. आम्ही मीठ आणि पीठ मळून दाराएवढ्या फळीवर अख्खा देश थापला. डोंगर चिमटीने उचलले, नद्या बोटाने ओढल्या. ओटिसने फ्लोरिडा चाटून चाटून निम्मा केला. आमची खाडी शिंपल्याने दाखवली. पलीकडे इंडियानात मक्याचा एक दाणा रुतवलाय. तो मी लावलेला नाही. मेरिनने लावला आणि म्हणाली, "हे आजीचं घर." नंतर विचारते, "आजीच्या इथे भरती येत नाही, मग तिला कळतं कसं कधी निघायचं?" मी म्हटलं, तिच्याकडे घड्याळ आहे. "बिचारी," म्हणाली.

खिडकीबाहेर बिया टांगल्यात. चिकाडी पाखरं येतात, एक एक बी उचलून फांदीवर नेऊन फोडतात. मेरिन त्यांची चित्रं काढते. ती चित्रं तू बघशील तर...

जाऊ दे. तू विचारलंस ना, ती काय वाचते? काही नाही. घे, मिळालं उत्तर? कोष्टकातले आकडे वाचते, वारांची नावं वाचते, पक्ष्यांच्या पुस्तकात चित्राखालचं नाव कधी लागतं, कधी नाही. ओळ दिली की अक्षरं पळतात म्हणते. मी रोज घेऊन बसते. रोज. कधी ती रडते, कधी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते.

मागल्या आठवड्यात एझ्रा म्हणाला, "डेल, गेली बसने तर बिघडलं काय? मला तर शाळेत मजा यायची." त्याला यायची, तो बेसबॉलचा गोलंदाज होता, पूर्ण शाळा त्याच्या मागे. मी काहीबाही बोलले. मेरिन जिन्यावर होती, तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी निसर्गवहीत बस काढली होती, पिवळी, आणि बसखाली पाणीच पाणी.

मी हरलेय असं समजू नकोस. वर्ष अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही. आणि ती मंद नाही. तू अख्ख्या इंडियानाच्या मुख्याध्यापिका आणून उभ्या केल्यास तरी नाही.

डेलिया


२० मार्च

आई,

तुझं पत्र मिळालं. चक्क पत्र! मेच्या अखेरीला येतेस म्हणतेस, "स्वतःच्या डोळ्यांनी बघायला." बघायला ये, तपासायला नको.

इथे चिखलाचे दिवस आहेत. रस्ता असा झालाय की ट्रकसुद्धा रुततो. मुलं गुडघ्यापर्यंत माखून येतात आणि मी त्याला भूगोल म्हणते. मेमध्ये कोरडं असेल. तू तरीही रबरी बूट आण. ते काळे शाळेचे बूट आणू नकोस, सांगून ठेवते. तू ऐकणार नाहीस.

मिसेस ऑल्ड्रिज त्याच आठवड्यात येणार आहेत, सहीसाठी. शिक्षिका आहेत, मुलांना वाचायला लावतात. मी आधीच तारीख घेऊन ठेवलीय, बदलणार नाही. तू असलीस तरी आणि नसलीस तरी.

माझ्या अटी: मेरिनला कोणासमोरही वाचायला लावायचं नाही. भांडं पुढे धरायचं नाही. 'आमच्या शाळेत' या शब्दांनी वाक्य सुरू करायचं नाही. बूट आणि मुख्याध्यापिका, दोन्ही दाराबाहेर काढून मग आत यायचं.

पटत असेल तर ये. पलंग तयार आहे. ब्लूबेरीचा मुरंबा तुझ्यासाठी ठेवलाय, पण त्याचा अर्थ मी विरघळले असा काढू नकोस.

डेलिया


११ जून

आई,

मावशीचा फोन आला होता. तू तिला काय सांगितलंस ते कळलं. "डेलिया पोरांना समुद्रात सोडून देते, मी बुडता बुडता वाचले." वा! आता काय झालं ते मी सांगते. तू तिथे होतीस, मला माहीत आहे. तरी वाच.

तू काळे शाळेचेच बूट घालून आलीस. तिसऱ्या दिवशी तुला बेट बघायचं होतं. मेरिनने नाश्त्याला कोष्टक बघून सांगितलं, आत्ता निघायचं, आणि सील ऊन खात पडतात त्या खडकाला पाणी लागलं की परत फिरायचं. तू मान डोलावलीस. लहान मुलं काहीबाही सांगतात तेव्हा तू डोलावतेस तशी. पलीकडे गेल्यावर ओटिस दमला म्हणून मी त्याला उचलून आधी परत आणलं. तुम्ही दोघी मागोमाग येताय असंच मी धरून चालले. आणि तू तिकडे ओंडक्यावर बसून राहिलीस. हवा छान होती म्हणे.

मी अलीकडच्या काठावरून बघत होते. ऐकूही येत होतं, वारा तिकडून होता.

"आजी, ऊठ. खडकाला पाणी लागलं."

"बसते गं जरा. अजून उघडं तर आहे सगळं."

"ते आत्ता. थोड्या वेळाने नाही. ऊठ."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

आई, माझी मुलगी, जी थँक्सगिव्हिंगला टेबलाखाली शिरली होती, ती तुझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि अशा आवाजात ओरडली की माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मी ओळखते. तुझाच आहे. आणि हाक मारली तीही तुला शाळेत मारायचे तशी. "मिसेस हॅगर्टी! उठा! आत्ताच्या आत्ता!"

आणि तू उठलीस. ताडकन उठलीस. कोणीतरी घंटा दिल्यासारखी.

मी पाण्यात शिरून अर्ध्यापर्यंत आले. पाणी तुझ्या घोट्यांना होतं, मग पोटऱ्यांना. जूनच्या तोंडावरसुद्धा इथलं पाणी हाडं गोठवतं. मेरिन तुझा हात धरून पुढे चालत होती, कुठला दगड हलतो ते सांगत होती. तुझा डावा बूट दगडांत अडकला. तू वाकायला लागलीस तर म्हणाली, "राहू दे तो, चल." एका बुटाने आलीस तू. तर मावशीला नीट सांग: पोरांना कोणी समुद्रात सोडलेलं नाही. पोरीने तुला समुद्रातून आणलंय.

बाकीचं तू मावशीला सांगितलंच नाहीस, त्याचा मला जास्त राग आलाय. म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी मिसेस ऑल्ड्रिज आल्या. तू माझे लोकरी मोजे घालून चुलीजवळ बसली होतीस आणि मी मनात म्हणत होते, ही आता तोंड उघडेल आणि सगळं मातीत घालेल. त्यांनी निसर्गवह्या बघितल्या, मीठ-पिठाचा देश बघितला. ओटिसला फ्लोरिडा कुठे गेला म्हणून विचारलं. त्याने पोट दाखवलं. मग मेरिनचे खाडीचे नकाशे काढून त्यांनी दोन शेजारी ठेवले. "इथे तू याला बेट दाखवलंयस, आणि इथे जमिनीला जोडलंयस. मग खरं काय? बेट की जमीन?"

मेरिनने त्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही किती वाजता विचारताय?"

मिसेस ऑल्ड्रिज खळखळून हसल्या. तू हसली नाहीस. तू मोज्यांकडे बघत होतीस.

मग त्या म्हणाल्या, "आता थोडं वाचून दाखव." पक्ष्यांचं पुस्तक उघडलं. चिकाडीचं पान. एझ्रा दारात उभा होता, पिंजऱ्यांचा वास घेऊन. मेरिनने बोट ठेवलं आणि वाचायला लागली. हळू. आई, फार हळू. एक ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत अडली. बोट तिथेच. कान लाल व्हायला लागले, तसेच, अगदी तसेच. मला वाटलं, संपलं. मिसेस ऑल्ड्रिजनी दया येऊन शब्द सांगायला तोंड उघडलं.

आणि तू म्हणालीस, "सांगू नका. वेळ द्या तिला."

एवढंच. कोणाकडे बघितलंही नाहीस.

आम्ही सगळ्यांनी वेळ दिला. बाहेर चिकाडी ओरडत होत्या. मेरिनने बोट मागे नेलं, पुन्हा सुरुवातीपासून आली, आणि शब्द फोडला. बी फोडतात तसा, ठोकून ठोकून. "साठवतात," म्हणाली. "हिवाळ्यासाठी बिया साठवतात." मग पान संपेपर्यंत थांबली नाही. अडखळली, पण थांबली नाही.

मिसेस ऑल्ड्रिजनी सही केली. वाचन वयाच्या मानाने मागे आहे असंही लिहिलं, आणि ते खरं आहे. मी ते लपवणार नाही. पुढे लिहिलंय, "पण मूल पुढे चाललं आहे."

एझ्रा बाहेर गेला आणि फोनवर आपल्या चुलत भावाला म्हणाला, बस तोच चालवतो, "सप्टेंबरात आमच्या दारी ब्रेक मारू नकोस, सरळ पुढे जा." मग आत येऊन मेरिनला खांद्यावर घेतलं. एवढी मोठी झालीय, तरी घेतलं.

आणि तू? तू दुसऱ्या सकाळी दोन दिवस आधीच निघालीस, थंडी वाजतेय म्हणालीस. जाताना माझ्या दंडाला हात लावलास आणि टॅक्सीत बसलीस. मी इतकी चिडले होते तुझ्यावर की टॅक्सी वळेपर्यंत उभी राहिले. त्या एका वाक्याची मी स्वतः आठ वर्षांची असल्यापासून वाट बघत होते, आई. खुर्चीवर उभी राहून, मॉन्टानाच्या राजधानीला अडले होते तेव्हापासून. ते तू माझ्या मुलीला दिलंस. मला राग आहे, आणि मी खूशही आहे. दोन्ही एकदम. जसं हवं तसं घे.

पुढच्या वर्षी मेरिन आमच्या खाडीपासून नदीच्या उगमापर्यंत जाणार आहे. ओटिस वाचायला शिकेल, किंवा पुढच्या वर्षी नाही शिकणार, बघू. तुझी मर्जी असेल तर वरच्या वर्गाच्या सरावपुस्तिका पाठव. फुलं दाबायला कागद संपलाय. एखाददुसरं पान आम्ही सोडवूही.

मी इथे संपवतेय, कारण मेरिन पेन मागतेय. मी काही सांगितलेलं नाही आणि मधे बोलणारही नाही. तिला वेळ लागेल.

तुझी,
डेलिया


आजी,
तुझा बूट सापडला. बेटावर होता. आत खेकडा राहतो.
सप्टेंबरात पॅनकेक आहेत. ये आणि बूट घेऊन जा.
कधी निघायचं ते मी सांगीन.
मेरिन